दादांनी मापलेलं नेट
बाजारात मासळीचा वास आला की बाकीचे नाक दाबतात, मला मात्र आमचं व्हॉलीबॉलचं नेट आठवतं. ते उजनीच्या एका कोळ्यानं दिलेलं जुनं जाळं होतं. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते गोठ्यामागं बाभळीच्या दोन खांबांना बांधलं होतं. ऊन तापलं की चेंडूलासुद्धा माशांचा वास यायचा. नेट किती उंच हवं हे कळावं म्हणून दादा बारामतीच्या मैदानावर गेले आणि तिथल्या नेटच्या मापाचा ऊस तोडून घेऊन आले. वर्षभर मी त्या नेटवर उड्या मारल्या, पोटऱ्या भरून यायच्या. मग इंदापूरला निवड चाचणी होती. तिथं गेल्या गेल्या मी पंचांना म्हणाले, "सर, नेट खाली आलंय, वर घ्या की." ते हसायला लागले. "अगं, मुलींचं नेट एवढंच असतं. तू काय पोरांच्या नेटवर खेळतीस व्हय?" मी वळून पाहिलं, तर दादांचा चेहरा पार उतरलेला. "मला कुणी सांगितलंच न्हाय गं," ते म्हणाले, "घरी गेलो की खाली बांधतो." "नको दादा, हाय तसंच राहू द्या." आता मी पैसे घेऊन लीग खेळते, शहरं बदलतात, नेटही नवीकोरी असतात. पण स्मॅश मारायला उडी घेतली की माझी नजर अजून तिथंच जाते, जिथं दादांचा ऊस संपायचा.