गट्टूचं माप

गट्टू हे तिचं शाळेतलं नाव. बुटकी, रुंद, पाय रोवून उभी राहणारी. ढकलायला जावं तर ढकलणाराच पडायचा. नाव चिडवायला ठेवलं होतं, पण तिने ते इतक्या ऐटीत मिरवलं की चिडवणाऱ्यांची मजाच गेली.

पुढे ती लिफ्ट दुरुस्त करू लागली. लिफ्टच्या टपावर उभं राहायचं, हात वर करून काम करायचं, खिशात पाने, पक्कड, टॉर्च. तिथे कपडा लोंबला तर अडकतो, आवळला तर उसवतो.

आणि कंपनीने नवा गणवेश काढला. पुरुषांचा घातला तर खांदे कोपराशी, पँट जमिनीवर लोळतेय, आणि एवढं असून पोटावरचं बटण लागेना. बायकांचा कमरेत असा आवळलेला की हात वर गेला की शर्टही वर. खिसे तर नुसते दाखवायला.

"सोमवारी धड गणवेशात आलीस तर वर चढ," साहेब म्हणाले. "नाहीतर फोनवर बस. उद्या काही झालं तर मला निस्तरावं लागेल."

फोनवर बसायचं म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या कामाचे निरोप घ्यायचे. गट्टूने भांडून गणवेशाचं नुसतं कापड मिळवलं. एकदाच मिळणार होतं. बिघडलं की संपलं.

शिंप्याकडे आईही सोबत आली. दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली.

"लेडीज की जेन्ट्स?" शिंपीकाकांनी विचारलं.

"लिफ्ट," गट्टू म्हणाली. "बाईचं नको, बुवाचं नको. मला बसेल असं हवंय."

"कमरेत जरा घ्या हो," आई मध्येच म्हणाली. "बाईमाणूस वाटू दे."

"आई, लिफ्टला काय कळतंय?"

काकांची एक पद्धत होती. टेप लावायचा, आकडा खणखणीत आवाजात सांगायचा आणि वहीशी बसलेल्या काकूंनी तो लिहून घ्यायचा. गट्टूच्या आधीच्या माणसाची छाती सगळ्या दुकानाला पाठ झाली होती. पण गट्टूच्या पोटाला टेप लागला आणि काकांचा आवाज एकदम बसला. "सेहेचाळीस," ते पुटपुटले.

गट्टूने मान वाकवून पाहिलं. "काका, टेपवर अठ्ठेचाळीस आहे."

"अगं, अंगाने भरलेल्या माणसाला मी दोन इंच कमीच सांगतो," ते हळूच म्हणाले. "चारचौघांत कशाला मन दुखवा?"

"आणि कापता किती?"

काका टेप गुंडाळू लागले. काकूंनी मान वर न करता उत्तर दिलं, "मी लिहिते तेवढंच."

गट्टूला एकेक कपडा आठवला. शाळेचा फ्रॉक याच दुकानातला. मामेबहिणीच्या लग्नात पाठीवर टरकन उसवलेला ड्रेसही इथलाच. दर वेळी आई म्हणायची, "पुन्हा वाढलीस!" आणि गट्टू बिचारी रात्रीचं जेवण सोडायची. वाढली नव्हतीच ती. काकांच्या चांगुलपणात कापड कमी पडत होतं.

"मोठ्याने सांगा, काका."

"लोक बसलेत गं."

"बसू देत. ते थोडेच माझी पँट घालणार आहेत?"

आईने तिची बाही ओढली. "गप्प बस. अब्रू आहे की नाही?"

"पोट माझं, आई. त्यात तुझी अब्रू कुठून आली?"

काका पुन्हा पुटपुटलेच. मग गट्टूनेच टेप घेतला, पोटाला गुंडाळला आणि लिफ्टच्या खड्ड्यात हाक मारायच्या आवाजात ओरडली, "अठ्ठेचाळीस!" एक गिऱ्हाईक दचकून उठलंच. "लिहा काकू! दंड सोळा! खिसे मोठे, कमरेत काही घ्यायचं नाही!"

राहिली पँटची उंची. ते माप काही स्वतःचं स्वतःला घेता येत नाही. गट्टू टेपचं टोक कमरेशी धरून उभी राहिली. काका जागचे हलेनात. आई क्षणभर दाराकडे बघत राहिली, मग गुडघे धरत खाली वाकली आणि टाचेशी डोळे बारीक करून ओरडली, "पस्तीस!" आणि काकूंकडे वळून, "लिहिलंत का? पस्तीस. उगाच कमी-जास्त नको."

सोमवारी गट्टूने टपावर चढून दोन्ही हात वर केले. शर्ट जागचा हलला नाही. पँट मात्र जरा आखूड झाली होती. आईला चष्म्याशिवाय दिसत नाही.

साहेबांनी खालून निरखून पाहिलं. "हा बायकांचा गणवेश की पुरुषांचा?"

"माझा," गट्टू म्हणाली. "बाजूला व्हा साहेब, लिफ्ट वर नेतेय."