इस्त्रीच्या टेबलावरचं लुईझियाना

आखातातल्या झिंज भागात आमच्या इमारतीखाली लॉन्ड्री आहे. तिथला इस्त्रीवाला देवगडकडचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कुणा अमेरिकन गिऱ्हाइकाने त्याला लुईझियाना राज्याचं चित्रांचं पुस्तक दिलं होतं. शर्टावर पाणी शिंपडता शिंपडता तो मला ते राज्य फिरवून आणायचा.

"खाली सगळं पाणीच, ताई. झाडांवरून शेवाळ दाढीसारखं लोंबतं. भातात कोळंबी घालतात. जायचं तर थंडीत जावं, उन्हाळ्यात घामाने जीव नकोसा होतो."

वाफेत त्याचा चेहरा पुसट व्हायचा आणि बाहेरची धुळकट गल्ली मला ओली वाटू लागायची.

एकदा तो म्हणाला, "संध्याकाळी खाडीतून होडी येते. पायरीवर आई सुपारी कातरत बसलेली असते."

"लुईझियानात सुपारी?" मी हसले.

त्याचा हात थांबला. कापड करपू नये म्हणून त्याने इस्त्री उभी ठेवली.

"सहा वर्षं घरी गेलो नाही, ताई. सांगता सांगता मिसळतं."

माझा शर्ट तयार होता. मी पिशवीतून दुसरा काढून टेबलावर ठेवला.

"होडीतून कोण येतं?" मी विचारलं.