मडमेचं सोवळं

आमच्या भाजे गावात आत्याला ‘भांडी शिजवणारी’ म्हणत. वाटी असो, चमचा असो, उकळत्या पाण्यात खदखदल्याशिवाय ती कुणाच्या हाती देत नसे. पोरीबाळी हसत. मला कधी हसू आलं नाही, कारण त्याआधीची आत्या मी पाहिली होती.

तेव्हा ती लोणावळ्यात एका साहेबाच्या बंगल्यावर आया होती. विधवा बाई, पण तोरा असा की पाटलीण फिकी पडावी. सुट्टीला आली की ओसरीवर पाय पसरून बंगल्याच्या गोष्टी सांगे. मडमेच्या बाळाला डब्यातल्या भुकटीचं दूध, तेही काचेच्या बाटलीतून. आणि ती बाटली दर वेळी उकळायची! “मडमंचं सवळं लय कडक गं,” आत्या सांगे, “इटाळ झाल्यावानी बाटली उकळाया लावती. म्या म्हनलं, ज्येचं सवळं त्येला.” आम्हालाही ते पटे. ज्याच्या त्याच्या घरची रीत.

साहेब विलायतेला परतला तेव्हा मडमेने उरलेले डबे नि बाटली आत्यालाच दिली. त्याच सुमारास माझा धाकटा भाऊ जन्मला. आई हिवतापाने खंगलेली, पान्हा पुरेना. बाळ चोखून चोखून थके आणि रडे. आत्या डबे घेऊनच आली. “आदी आंगावरचं पाज, वर ह्ये. निस्ती बाटली दिलीस तर आंग आटंल,” तिने आईला बजावलं. भुकटीही ती अगदी मापात घाली. बाटली मात्र राखेने घासून इंद्रायणीच्या पाण्यात खळबळून घेई, आणि दूधही त्याच पाण्यात, नुसतं कोमट करून. मडमेचं सोवळं आपल्या घरी कशाला?

पंधरा दिवस बाळ शांत झोपलं. मग हगवण लागली. लोणावळ्याला नेलं, तर डॉक्टरांनी एकच विचारलं, “बाटली उकळत होतात ना?” चौथ्या दिवशी बाळ गेलं.

आत्याने काही लपवलं नाही. आईसमोर बसून म्हणाली, “दुसऱ्याच्या पोरासाटी रोज उकळत हुते गं. तुजं पोर म्या मारलं.” आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढे कितीतरी वर्षं ती आत्याला ताट वाढी, पण तिच्याशी बोलत नसे. तेव्हा मला आईचा राग येई. स्वतःचं मूल झाल्यावर तो गेला.

माझं पहिलं बाळंतपण भाज्यातच झालं. मलाही दूध कमी. यांनी लोणावळ्याहून डबा आणला आणि मी आत्याला बोलावलं. ती उंबऱ्याजवळ बसली, बाटलीला शिवेना. “हात तुजा, नदर माजी,” म्हणाली. “उकळू दे. आजून उकळू दे.” महिनोन् महिने ती अशी येत राहिली, पण मुलीला तिने एकदाही उचललं नाही.

मुलगी वर्षाची झाली त्या दिवशी रांगत थेट आत्याकडे गेली. आत्या मागे सरकत भिंतीला टेकली. आई चुलीपुढून उठली, मुलीला उचलून तिने आत्याच्या मांडीवर ठेवलं.

“घ्या, वन्सं,” ती म्हणाली. “त्योबी पंधरा दिस पोट भरून झोपला, तुमच्याच हातनं.”

दोघी रडत बसल्या. चुलीवरचं पाणी आटलं, भांडं करपलं, तरी कुणी उठलं नाही.