छपरातले पाच क्रूस

ठमाबाई भित्री होती. आता कोणी तिची गोष्ट सांगायला बसलं की तिला वाघीण करून टाकतात. वाघीण कशाची बाप्पा! चामोर्शीच्या बाजारात मासोळीची टोपली घेऊन बसायची, आणि गिऱ्हाईकानं जरा आवाज चढवला की मूठभर झिंगे जास्तीचे टाकून मोकळी व्हायची. जात ढिवर, नवरा वैनगंगेत बुडून गेलेला, पोरबाळ नाही. मी तिला ओळखत होती म्हणून सांगते.

मी सत्यशीला, त्याच गावच्या शाळेची मास्तरीण. आमची बौद्ध वस्ती गावाच्या उगवतीला. माझ्या बापानं छप्पन साली चांद्याला दीक्षा घेतली, ती हजारो माणसांत, भर उजेडात. ठमाबाईनं आपला धर्म घेतला तो एकटीनं, दवाखान्याच्या खाटेवर बसून. एकोणऐंशी साली तिला क्षय लागला. दिराकडचे टोपल्यात भाकर ठेवून दुरूनच सरकवायचे. चंद्रपूरकडच्या मिशनच्या दवाखान्यात सिस्टर लोकांनी तिला दहा महिने ठेवून घेतलं, रक्ताच्या थुंकीची भांडी आपल्या हातानं धुतली. बरी झाल्यावर हिनंच विचारलं, तुमी हे कोनाचं नाव घेऊन करता? मग शिकली, बाप्तिस्मा घेतला, कॅथलिक झाली आणि तोंडाला कुलूप लावून गावात परत आली.

मला कळलं ते पत्रामुळं. फादरनं धाडलेलं पत्र तिला वाचता येईना, म्हणून माझ्याकडं घेऊन आली आणि वाचून होईपर्यंत दाराकडंच बघत बसली. आणि मी तिला काय सल्ला दिला? "झाकली मूठ सव्वा लाखाची, ठमाबाई. कोणापाशी बोलू नको. तळं तुमच्या पंचांच्या हातात. बाटली म्हटलं की उद्यापासून जाळं टाकू देणार नाहीत." माझाच सल्ला होता तो. आजही आठवला की स्वतःचा संताप येतो.

तर पाच वर्षं हे असं चाललं. महिन्यातून एकदा मिस्सेला, चर्चच्या उपासनेला, जायची, गावाला सांगायची, "दवाई आनायले जातो." जपमाळ तांदळाच्या मडक्यात. प्रार्थना ओठांतल्या ओठांत. कोणी आजारी असलं की जाऊन बसायची, डोक्यावर हात ठेवायची, ओठ हलायचे, आवाज नाही. लोक बघायचे. कोणी विचारलं, काय पुटपुटतं वो बाई, तर म्हणायची, "काई नाई."

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, चर्चमध्ये शिंदीच्या पात्यांचे क्रूस विणून देतात, ते घरात ठेवायचे. पुढच्या वर्षी जुना परत न्यायचा; तो जाळून त्याची राख कपाळाला लावतात. ठमाबाई नवा आणायची, पण जुना परत न्यायची हिंमत नाही. एसटीत कोणी टोपली चाळली तर? मग जुन्याच्या बाजूला नवा, असे दरवाज्याच्या वर, कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, खाली, एका दोऱ्यात बांधून ठेवत गेली. पंच्याऐंशी सालापर्यंत पाच झाले.

त्या वर्षी उन्हाळ्यात गावात गोवर आला. आमच्याकडं गोवर म्हणजे माता. दाराला कडुलिंबाची डहाळी लावायची, त्या घरात कोणी जायचं नाही, दवाखान्याचं नाव काढायचं नाही. पंधरा दिवसांत तीन लेकरं गेली. तिसरं गेलं तेव्हा पुजारी मनसाराम, ज्याच्या अंगात देव येतो तो, म्हणाला, "हे मातेचं काम नाई. कोनीतरी करनी घातली हाये." बस. गावातल्या सगळ्या एकट्या बायांनी त्या दिवसापासून मान खाली घालून पाणी भरलं. मागच्याच वर्षी चार कोसांवर अशाच एका म्हातारीचे, जादूवाली म्हणून, दात दगडानं पाडले होते, आणि ती आठ दिवसांनी मेली. कोणाला काही झालं नाही.

अशातच मुखरू ठमाबाईच्या घरी कवेलू फेरायला आला. तिच्या दिराचा पोरगा, पावसाळ्याआधी दरवर्षी यायचा. एरवी तो यायच्या आधी ती दोरा काढून ठेवायची; या वर्षी गोवराच्या धास्तीत राहून गेलं. त्या दिवशी त्यानं दरवाज्यावरची रांग काढली आणि वरूनच थांबला. ठमाबाई खाली कवेलू झेलत होती. मुखरूच्या हातात दोरा, दोऱ्याला पाच वाळके क्रूस. "काकी, हे काय हाये?" ती म्हणाली, "काई नाई." मेल्या सवयीनं तोंडातून तेच निघालं!

मुखरू शिडी उतरला आणि तो दोरा काठीला अडकवून निघून गेला. अर्धं छप्पर उघडंच. त्याच संध्याकाळी त्याच्या पोरीला, कांताला, ताप भरला आणि कानामागं लाल पुरळ दिसलं.

सकाळी पारावर अख्खा गाव. मनसारामनं क्रूस फुटक्या कवेलूवर मांडले होते, भोवती कुंकवाची रेघ. तो एकेकावर बोट दाखवून मोजत होता. "तीन गेले. दोन बाकी." चौथ्या क्रूसावर बोट थांबलं तेव्हा सगळ्यांनी मुखरूकडं पाहिलं. त्याच्या मांडीवर कुऱ्हाड होती. ठमाबाईला दोन बाया दंडाला धरून घेऊन आल्या. खाई त्याला खवखवे, कोणी तरी मागून म्हटलं.

मी आधी तिच्या घरी जाऊन आली होती. तिचं इकडं आड तिकडं विहीर झालं होतं. गप्प राहिली तर जादूवाली ठरणार, बोलली तर बाटलेली. मी म्हटलं, "तू तोंड उघडू नको. मी पाहते." आणि पारावर उभी राहून मी बिनदिक्कत खोटं बोलली. म्हटलं, "काय येडेपणा लावला? हे शाळेतले आहेत. हस्तकलेच्या तासाला पोरांकडून करून घेतले मी. ठमाबाईनं मागितले, दिले."

आणि काय सांगू, लोकांना पटलं! मास्तरणीच्या शब्दाला वजन असतं ना. दोघं-तिघं हसलेसुद्धा. बायांनी तिचे दंड सोडले. मला वाटलं, जिंकली मी.

मनसाराम हसला नाही. त्यानं हळूच विचारलं, "कोन्या पोट्ट्यानं बनवले, बाई? नाव सांगा."

कोणाचं नाव घेणार होती मी!

"शिकवलं तं कोनी तरी बनवलं असन. त्याच्या हातात काय हाये ते पाहाव लागन." आणि सगळ्या माना आमच्या वस्तीकडं वळल्या. कुंपणापाशी आमची पाच-सात लेकरं उभी होती. पोरांना शिकवायची, भूत नसते, करणी नसते. आणि एक खोटं बोलून त्यांच्याच गळ्याला फास लावून बसली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

तेव्हा ठमाबाई उठली.

"कोन्या पोट्ट्यानं नाई," ती म्हणाली. "मास्तरीनबाई माह्यासाठी लबाड बोलली. हे म्या आनले. माह्या देवाचे हायेत. मी ख्रिस्ती झालो, पाच वर्सं झाले."

आमच्याकडं बायाही झालो, गेलो असंच म्हणतात. पण त्या दिवशी तो 'झालो' ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

एकदम गलका झाला. बाटली, बाटली! कोणी म्हटलं, हिच्या हातची मासोळी खाल्ली आपण. ती थांबली नाही. आवाज चिरकत होता, मधेच खोकला यायचा, तरी बोलत राहिली. "त्याले लोकायनं लाकडावर खिळे ठोकून मारलं. त्यानं कोनाले मारलं नाई. मी मराले टेकलो होतो तवा त्याच्या मान्सायनं मले उचललं. म्या पाच वर्सं त्याचं नाव लपवलं, तुमच्या भेवानं. माह्या लपवन्यानंच तुमाले वाटलं का मी करनी करतो. ते पाप माह्यं हाये. पन लेकरं म्या नाई मारले. मुखरू, कांताले दवाखान्यात ने बाप्पा. आत्ताच्या आत्ता ने."

मनसाराम म्हणाला, मातेच्या पोरीला घराबाहेर काढलं तर अख्खं गाव जाईल. मुखरूनं ऐकलं ते मनसारामचं. "कांताले काई झालं," तो उठत म्हणाला, "तं काकी, तू आन् मी."

मी तिला सांगितलं, दुपारच्या बशीनं निघ, चंद्रपूर गाठ, सिस्टर ठेवून घेतील. ती म्हणाली, "मंग सारे म्हनतीन, पळाली, मंजे तिचंच काम होतं. आन् त्याचं नाव सांगून पळालो तं कोन इस्वास ठेवन?" तांदळाच्या मडक्यातून जपमाळ काढली, गळ्यात घातली आणि भर दुपारी गल्लीतून चालत मुखरूच्या दारात जाऊन उभी राहिली.

मुखरू ओट्यावर बसला होता, कुऱ्हाड बाजूला. तो काही बोलायच्या आत आतून त्याची बायको गोकुळा आली. तिचे डोळे सुजलेले. मातेच्या घरात कालपासून एक माणूस फिरकला नव्हता. "येऊ दे तिले," ती म्हणाली. "मी एकटी मरून राह्यली इथी."

मी कुंपणाच्या या बाजूला उभी होती. आत ठमाबाईनं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि सवयीनं ओठ हलवायला लागली. गोकुळा किंचाळली, "मनात नको म्हनू! मले भेव वाटते. काय म्हनतं ते मोठ्यानं म्हन, मले ऐकू आलं पायजे."

आणि ठमाबाई मोठ्यानं म्हणायला लागली. साधंच बोलणं. देवा, हे लेकरू पाय. देवा, इच्या मायले पाय. आन् मुखरूले बुद्धी दे, हिले दवाखान्यात नेऊ दे. दर घटकेला तेच. सगळ्या गल्लीला ऐकू जात होतं. लोक येऊन ऐकायचे आणि थुंकून जायचे. मी सायकलनं चामोर्शीला गेली, डॉक्टर म्हणाले पोरीला घेऊन या. मी परत येऊन मुखरूला सांगितलं. तो कुऱ्हाडीच्या दांड्यावर नुसता हात फिरवत राहिला. असे तीन दिवस.

तिसऱ्या दिवशी दुपारी आतला आवाज बंद झाला.

मी पळत मागच्या दाराशी गेली. माझ्या भावाची बैलगाडी बाभळीखाली जुंपून ठेवली होती. "ठमाबाई, चल," मी म्हटलं, "अजून कोणाला कळलं नाही." तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. पोरीचे डोळे मिटवले, कपाळावर अंगठ्यानं क्रूसाची खूण केली आणि पुढच्या दारानं बाहेर गेली. मागून गोकुळा, कांताला छातीशी धरून.

आवाज थांबलेला गल्लीलाही कळला होता; मी घराला वळसा घालून आली तेव्हा ओट्यासमोर वीस-पंचवीस माणसं जमली होती. कोणाच्या हातात काठ्या, कोणाच्या हातात दगड. मनसारामनं चार बोटं वर केली. मुखरू उभा राहिला. कुऱ्हाड दोन्ही हातांत.

ठमाबाईनं डोळे मिटून घेतले, पण जागची हलली नाही.

गोकुळा मधे आली. रडत नव्हती ती.

"तिनं तीन दिस सांगतलं, दवाखान्यात ने. मनात नाई सांगतलं, मोठ्यानं सांगतलं. म्या ऐकलं." मग तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. "तूबी ऐकलं."

मुखरू तसाच उभा. कुऱ्हाड हळूहळू खाली आली, तिचं पातं जमिनीला लागलं, आणि तो कुऱ्हाडीच्या बाजूला मटकन खाली बसला. बाकीची माणसं मात्र गेली नाहीत. दगड हातातच होते. मनसाराम त्यांच्या कानाशी काही तरी बोलून राहिला होता.

मी देव मानत नाही. त्या दिवशीही हात जोडले नाहीत, खोटं काऊन सांगू? पण कुंपण ओलांडून गेली आणि ठमाबाईच्या बाजूला, गावाकडं तोंड करून उभी राहिली.

"तुमी घरी जा, बाई," ती हळूच म्हणाली.

"नाही जात," मी म्हटलं.