ड्रायव्हरचं नाव

लांजा डेपोत एकतीस वर्षं एसटी चालवून भागोजी मांडवकर कायमचा घरी आला, आणि तिसऱ्याच महिन्यात त्याची बायको मुंबईला गेली. भांडून नव्हे हो. त्यांच्या मुलाला, दर्शनला, मुलगी झाली. सून दीपाली नोकरीवाली, तेव्हा बाळाला बघायला आजीच लागणार. जनी दोन साड्या आणि कुळथाच्या पिठाचा डबा घेऊन निघाली. "सहा म्हयन्यात येतंय," असं म्हणाली होती, त्याला आता दीड वर्ष झालं.

भागोजीला स्वयंपाक येत नाही असं नाही. भात होतो, आमटी होते. आमटीला जनीची चव येत नाही म्हणून तो वर मीठ टाकतो आणि होती ती चवही घालवतो. नोकरीत असताना महिन्यातल्या निम्म्या रात्री तो वस्तीच्या गाडीवर असायचा, कुठल्यातरी गावच्या देवळात पथारी टाकून. जनी घरी वाट बघायची. वाट बघणं कसं असतं ते भागोजीला कधी कळलं नव्हतं, कारण स्टिअरिंग हातात असलेल्या माणसाला पोहोचायची काळजी असते, वाट बघायची नसते. आता रोज दुपारी ओटीवर बसून तो ते शिकत होता.

त्या दोघांच्या संसारात एक कोडं होतं. ते काही भागोजीच्या डोक्यातून निघालेलं नव्हे. डेपोत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ते घालून फसवायचे. लग्नानंतर पहिल्या वस्तीहून परत आल्यावर, हातपाय धुता धुता त्यानं ते बायकोला घातलं.

"समज, तू एसटीची ड्रायव्हर हायस. लांज्यातना गाडी सुटली तवा आत बावीस माणसां. वेरळला चार उतरली, दोन चढली. पालीला सात उतरली, नऊ चढली. हातखंब्याला पाच उतरली. आता सांग, ड्रायव्हरचा नाव काय?"

ऐकणारा माणसं मोजत बसतो आणि पहिलं वाक्य विसरतो. ड्रायव्हर तूच, तेव्हा नावही तुझंच, एवढीच त्यातली मेख. पण जनीने माणसं मोजलीच नाहीत. ड्रायव्हरचं नाव म्हटल्याबरोबर ती तोंडाला पदर लावून चुलीकडे पळाली. घरात ड्रायव्हर एकच, आणि नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही तिच्या आईची शिकवण. हा माणूस आपल्याकडून नाव काढून घ्यायला बघतोय, अशी तिची खात्री झाली.

भागोजीनं तिला तेव्हाच खरं उत्तर सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं. ती पळाली तेव्हा त्याच्या मनात आलं, हिच्या तोंडून आपलं नाव ऐकायला कसं वाटेल? लग्नात बायकांनी दार अडवून तिला नाव घ्यायला लावलं होतं खरं, पण ती इतकं पुटपुटली की बाजाच्या आवाजात नवरदेवाला काही ऐकूच आलं नाही. त्यानंतर मग नाहीच. दवाखान्यात नर्सनं नवऱ्याचं नाव विचारलं तर ही बाई रेशनकार्ड पुढे करायची.

मग दर वस्तीहून आला की भागोजी कोडं घालायचा. थांबे बदलायचे, माणसं कमीजास्त व्हायची, शेवटचा प्रश्न तोच. "तुमचा आपला कायतरीच," जनी म्हणायची. पुढे दर्शन सहा वर्षांचा असताना एकदा फुरंगटून आला. आईनं फसवलं म्हणाला. माणसं मोजून मोजून दमलो आणि ड्रायव्हर मीच निघालो. म्हणजे बाईसाहेबांना उत्तर ठाऊक होतं, केव्हापासून ते देव जाणे. संध्याकाळी भागोजीनं पुन्हा कोडं घातलं तेव्हा तिनं पुन्हा तोंडाला पदर लावला.

अलीकडे त्याला नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. डेपोत तो मांडवकर, गावात ड्रायव्हर, घरात बाबा. भागोजी म्हणणारी आई जाऊन अकरा वर्षं झाली होती.

गणपतीला जनी पाच दिवस येऊन गेली. निघताना म्हणाली, शिमग्याला येईन ती राहायलाच. देवाची पालखी दारात येते तेव्हा ओटी भरायला घरची बाई हवीच. त्या एका वाक्यावर भागोजी शिमग्याच्या आधी महिनाभर घराच्या मागे लागला. अंगण चोपलं, माजघराला चुना काढला, खण-नारळ आणून देवापाशी ठेवले. शेजारची गोदा कुंपणावरून म्हणाली, "ड्रायव्हर, लगीन करताव काय परत?" भागोजी नुसता हसला, कारण तिचं अगदीच काही चुकत नव्हतं.

पालखीला चार दिवस असताना दुपारी तीनला फोन आला. तीनला नात झोपते, म्हणून जनीच्या फोनची तीच वेळ.

"जेवलाव काय?"

"जेवलो. कवाच्या गाडीत बसतंस ते सांग, मी स्टँडवर येतो."

जनीनं गाडीचं सोडून गोदाची चौकशी केली. भागोजीला तेवढ्यावरच काय ते कळलं.

"नाय जमत वो," ती म्हणाली. "दीपालीला परत दिवस गेलेत. डॉक्टरान झोपून रव्हायला सांगितलान. मी निघाली तर पोरीला कोण बघील? अजून वरीस तरी जाईल."

बातमी आनंदाचीच होती. भागोजी बरं झालं म्हणाला, सुनेला जपायला सांग म्हणाला, ओटी गोदा भरेल म्हणाला. रागवायचं तरी कुणावर? तिनं इतकी वर्षं त्याची वाट बघितली आणि कधी तोंडातून ब्र काढला नाही. पण त्याला ती हवी होती, याच ओटीवर, आत्ता, आणि एवढं साधं वाक्य त्याच्या तोंडाबाहेर येईना. आलं ते कोडं.

"समज, तू एसटीची ड्रायव्हर हायस," तो म्हणाला. "मुंबईतना गाडी सुटली तवा आत चाळीस माणसां. चिपळूणला बारा उतरली. हातखंब्याला नऊ उतरली." इथं तो जरा थांबला. "लांज्याला कोणच उतरला नाय. आता सांग, ड्रायव्हरचा नाव काय?"

तिकडे कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी खोलीचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"भागोजी," जनी म्हणाली.

पुटपुटली नाही. तिन्ही अक्षरं सावकाश, एकेक करून म्हणाली.

उत्तर साफ चूक होतं. हे त्याला ठाऊक होतं, आणि तिलाही ठाऊक होतं.

"बरोबर," भागोजी म्हणाला आणि खांद्यावरच्या पंच्यानं डोळे पुसले. फोनचा आवाज अगदी खणखणीत येत होता. तरी थोड्या वेळानं तो म्हणाला, "रेंज जाते हाय गो. वाईच परत सांग."