येडशी फाट्यावर अडकलेली चावी आणि रशीद चाचांचा फोन

या ग्रुपवरचे बरेच जण मला ओळखतात, आणि चांगल्या कारणासाठी नाही. कुणी लिहिलं की रात्री छातीवर कुणीतरी येऊन बसलं, की खाली माझी कमेंट ठरलेली — "पित्त झालं असेल, उपाशी झोपत जाऊ नका." एका काकांच्या विहिरीवरच्या बाईबद्दल तर मी विचारलं होतं, तिला एवढ्या थंडीत सर्दी होत नाही का म्हणून. तर मंडळी, आधी सगळ्यांची माफी मागते. आता हसायची पाळी तुमची.

मी भूमला राहते, शाळेत विज्ञान शिकवते. उतारा म्हणून टाकलेलं लिंबू चांगलं रसरशीत असेल तर घरी आणून सरबत करणारी बाई मी. भुतंखेतं, करणी, संकेत... यातल्या कशावर माझा काडीचा विश्वास नव्हता. नव्हता म्हणतेय, आहे म्हणत नाही, हे माझं मलाच लिहायला जड जातंय.

आमची गाडी जुनी, पांढरी. सासऱ्यांनी घेतलेली. त्यांना मी मामा म्हणायची. नवरा पुण्याला कामाला, म्हणून मामांनी स्वतः शेजारी बसून मला गाडी शिकवली, आणि गेले तेव्हा ती माझ्याच हाती ठेवून गेले. सासूबाईंचा, म्हणजे आत्यांचा, त्या गाडीवर भारी जीव. दर दसऱ्याला गाडी धुवायची, झेंडूचा हार घालायचा आणि हळद-कुंकू लावायचं. बॉनेटला लावून भागत नाही. "जिथनं चालू व्हती तिथं नको व्हय?" म्हणून चावीच्या भोकालाही कुंकू! वर चिकटून राहावं म्हणून खोबरेल तेलाचं बोट. मी ओरडायची, आत्या ऐकायच्या नाहीत. ही झाली पार्श्वभूमी.

माझी मुलगी पल्लवी दोन वर्षं पोलीस भरतीच्या मागं लागलेली. पहाटे उठून माळावर पळायची, गुडघा सुजला तरी पळायची. मैदानी निघाली, लेखी राहिली. सेंटर धाराशिवला, रविवारी सकाळी. नऊ वाजता गेट बंद, त्यानंतर कुणाच्या बापाला आत घेणार नाहीत. वयाच्या हिशोबानं हा तिचा शेवटचा चान्स.

केसात पिन, क्लिप, धातूचं काहीही चालणार नाही असं लिहून आलेलं. एरवी पल्लवीची वेणी असते. पण त्या दिवशी आंघोळीला उशीर झाला, केस ओले, मग गाडीतच तिनं अंबाडा घातला आणि माझ्या पर्समधली पेन्सिल त्यात खुपसली. जन्मात पहिल्यांदा. हे लक्षात ठेवा.

येडशी फाट्यापाशी तिला मळमळायला लागलं. रात्रीपासून पोटात काही नाही, दुसरं काय होणार! म्हटलं पाच मिनिटं थांबू, चहा-बिस्कीट खा. गाडी बाजूला घेतली. चहा झाला, पुडा फोडला, तेवढ्यात रामलिंगाच्या देवळाकडचं एक माकड आलं आणि अख्खा पुडा घेऊन गेलं. पल्लवी हसली, मला बरं वाटलं. परत गाडीत बसलो, चावी घातली... आणि ती अर्ध्यातच रुतली. ना पुढं, ना मागं, ना बाहेर. स्टेअरिंगही लॉक.

आठ वीस झाले होते. तिथून धाराशिव वीस मिनिटं.

मी जोर लावला. शिव्या दिल्या. आत्यांच्या कुंकवाचा उद्धार केला. दोन एसट्या आल्या, हात केला, पण आत मुंगीला जागा नाही, थांबतील कशाला! ओळखीचं कुणी नाही, टपरीवाल्याकडं साधी सायकल. पल्लवी नुसती हॉलतिकिटाकडं बघत बसली होती, आणि ते मला बघवेना. खोटं कशाला बोलू, मला रडू फुटायच्या बेतात होतं.

मग सुचलं — रशीद चाचा! भूमचे आमचे मेकॅनिक. मामांचे जिवलग दोस्त, गाडी पहिल्या दिवसापासून त्यांच्याच हाताखाली. फोन लावला, स्पीकरवर टाकून डॅशबोर्डवर ठेवला. दुसऱ्याच रिंगला उचलला.

"बोल सूनबाई."

मी एका दमात सगळं सांगितलं. मागून टीं... टीं... असा आवाज येत होता, कुणीतरी रिव्हर्स घेताना गाडी वाजते तसा.

"पहिलं चावीवरचा हात काढ," चाचा म्हणाले. "काढला का? गुस्सा बी काढ. मोडली तर मग आलिया भोगासी. भोकात कुंकू बसलंय, वहिनीला लई येळा सांगितलं म्या. आता स्टेरिंग डावीकडं दाबून धर. चावी आत रेट, अन् हळूच भाईर वढ."

निघाली! लालभडक, तेलकट, वर चार वर्षांची धूळ.

"रुमालानं पूस. आता पोरीच्या डोक्यातली पेन्सिल घे. चावीच्या दातांवर घास, काळी होऊस्तोवर, शिशानं सरकती. मग धा येळा आत-भाईर कर. तेल घालू नको, तेलानंच तर वाटोळं केलंय."

घासलं. हात काळे, चावी काळी. दहा वेळा आत-बाहेर.

"आता स्टेरिंग हलवत हलवत फिरव. बिस्मिल्ला म्हण, न्हायतर आई राजा उदो उदो म्हण, पर जोर लावू नको."

मी, विज्ञानाची बाई, दोन्ही म्हणाले. चावी लोण्यातून फिरावी तशी फिरली. गाडी चालू! पल्लवी किंचाळली, टपरीवाल्यानं टाळ्या वाजवल्या. "जा बेटा, पेपर चांगला लिही," एवढं चाचा म्हणाले आणि फोन कट झाला. नऊला आठ मिनिटं असताना पल्लवी गेटमधून आत गेली, केस मोकळे, गालावर पेन्सिलीचा काळा डाग.

बाहेर झाडाखाली बसून मी चाचांना फोन लावला, धन्यवाद द्यायला. स्विच ऑफ. दिवसभर स्विच ऑफ. संध्याकाळी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले तर त्यांची सून एकटीच.

"अब्बा तर सोलापूरला हायती, दवाखान्यात," ती म्हणाली. "पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन झालं आज. आठ वाजता आत नेलं, साडेदहाला भाईर आणलं."

"अगं, साडेआठला माझ्याशी बोलले ते!"

ती उठून आतल्या कपाटातून चाचांचा फोन घेऊन आली. बॅटरी फुगून दोन दिवसांपूर्वीच बंद पडलेला. "ह्योच की त्यांचा फोन. न्हेलाच न्हाई." माझ्या मोबाईलवर मात्र त्याच नंबरला केलेला कॉल होता, आठ चोवीसचा, सहा मिनिटांचा. आजही आहे.

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून पल्लवीला घेऊन सोलापूर गाठलं. चाचा वॉर्डात, चेहरा उतरलेला पण डोळे मिश्कील. शेजारच्या पलंगाला मशीन लावलेलं होतं. टीं... टीं... पल्लवीनं माझा हात घट्ट धरला. तिनंही ओळखला होता तो आवाज.

मी काही बोलायच्या आतच चाची म्हणाल्या, "बरं झालं आलीस. शुद्धीवर आल्यावर ह्यांचा पहिला सवाल काय म्हाईत हाय? पानी न्हाई मागितलं, मला न्हाई विचारलं. सूनबाईची चावी फिरली का, म्हणं! आमी म्हणलं भुलीत बरळायलेत."

मी चाचांच्या पलंगाशी सरकले.

"चाचा, तुम्ही फोन कसा उचलला? आणि पेन्सिल... पेन्सिल तुम्हाला कशी दिसली?"

"मला काय ठाव!" चाचा हसायला गेले आणि टाके दुखले म्हणून थांबले. "सुई दिली, आकडे मोजा म्हणले. म्या मोजाया लागलो अन् फोन वाजला. वाजला तर उचलायचा, झालं." मग म्हणाले, "तुझ्या सासऱ्याला जबान दिली होती गं. जायच्या आधी म्हणला, रशीद, माझी सून एकटी गाडी चालवती. तिचा फोन आला तर हातात काय बी काम असू दे, उचलायचा. म्या व्हय म्हणलो व्हतो."

मी तिथंच रडले. वॉर्डातल्या सगळ्यांसमोर, हुंदके देऊन. चाची मला पाणी देत होत्या आणि चाचा म्हणत होते, "आरं, पेशंट म्या हाय का ही?"

नंतर मी सगळे तर्क लावून पाहिले. क्रॉस कनेक्शन? मग त्याला कुंकवाचं काय माहीत? भास? मग पल्लवीलाही तोच भास? कंपनीच्या दुकानात जाऊन विचारलं, तर तिथला मुलगा म्हणाला, मॅडम, कॉल लागलाय म्हणजे कुणीतरी उचललाय. धन्य! तुमच्यापैकी कुणी "पित्त झालं असेल" असं लिहिणार असाल तर लिहा, पित्त खरंच होतं, पण चाचांना.

पल्लवीचं नाव यादीत आलं. चाचा ठणठणीत आहेत, गॅरेज चालू आहे, आणि गाडीच्या चावीला वर्षभर पेन्सिल सोडून काही लागलेलं नाही.

यंदाच्या दसऱ्याला मी आत्यांवर पाळत ठेवून होते. त्या भोकाकडं फिरकल्याच नाहीत. बॉनेटला बोट लावून गुमान घरात गेल्या. मला वाटलं, सुधारल्या! तासाभरानं मोबाईल चार्जिंगला लावायला गेले तर पिन आत जाईना. बघते तर खालच्या भोकात हळद-कुंकू, आणि वर तेलाचं बोट.

काडेपेटीतली काडी घेऊन साफ करायला बसले होते. पण हात पुढं होईना. अजूनही ते कुंकू तसंच आहे, चार्जर तिरका धरावा लागतो.