तिसऱ्या भागाचं शेवटचं पान

तिच्या आईनं पुस्तक मागच्या बाजूनं उघडलं. शेवटचं पान कोरं होतं. तिनं त्याच्या आधीचं पान बघितलं, तेही कोरं. मग ती माझ्याकडे बघायला लागली.

"मी खोडलं," मी म्हटलं.

"सगळं?"

"सगळं."

मुलीला जाऊन अठरा दिवस झाले होते. तिच्या फोनमध्ये आईला मैत्रिणीला पाठवलेला एक निरोप सापडला होता. लायब्ररीतल्या आजीसाठी तिसऱ्या भागाच्या मागे दोन पानं भरून लिहिलंय, दोघांतला कोण ते शेवटी ठरवलंय, एवढंच त्यात होतं. काय ठरवलं ते नव्हतं. ते वाचायला आई महादेवपुऱ्याहून दोन बस बदलून माझ्या दुकानात आली होती.

आमची लायब्ररी शिवाजीनगरच्या बाजारामागच्या गल्लीत आहे. पुण्याचं नव्हे, इथलं, कन्नड मुलुखातलं शिवाजीनगर. नवरा छापखान्यात बाइंडिंगचं काम करायचा, त्यानं ती काढली. तो गेल्यावर मी बसते. मी चौथीपर्यंत शिकले, मराठीत, बेळगावकडच्या खेड्यात. कन्नड बोलते. इंग्रजी येत नाही आणि दुकानात बहुतेक पुस्तकं इंग्रजीच. मी ती रंगावरून आणि नवऱ्यानं चिकटवलेल्या नंबरांवरून ओळखते.

वाचून झालं की मागच्या कोऱ्या पानावर काय वाटलं ते पेन्सिलीनं लिहायचं, ही पद्धत नवऱ्याची. पेन्सिल काउंटरला दोऱ्यानं बांधलेली आहे. शनिवार-रविवार मुली येतात, एकमेकींचं लिहिलेलं उभ्या उभ्या वाचतात, हसतात, भांडतात. सोमवारी दुकान बंद. त्या दिवशी मी सगळी पुस्तकं काढून बसते आणि खोडते. नाही खोडलं तर पुढच्या माणसाला शेवट आधीच कळतो आणि तो माझं डोकं खातो. खोडताना मी अक्षरांकडे बघत नाही. कळत नाही त्याकडे काय बघायचं?

बेटांची ही पुस्तकं आली तेव्हापासून पोरींना दुसरं काही सुचेना. एकूण चार भाग. तीन आले होते, चौथा यायचा होता. एकेका भागासाठी नंबर लावून ठेवायला लागायचे. गोष्ट मला त्या मुलीनंच सांगितली. बाजारापलीकडच्या इस्पितळात तिला दर शनिवारी आणायचे. आई औषधांच्या आणि रिपोर्टांच्या रांगेत, आणि मुलगी तेवढा वेळ माझ्याकडे, स्टुलावर. पहिल्या दिवशी तिच्या डोक्यावर टोपी होती. मी विचारलं, केस कुठे गेले? औषधानं, ती म्हणाली. येतात परत, मी म्हटलं, आणि कामाला लागले. तिला ते आवडलं असावं, कारण पुढच्या शनिवारी ती आधी माझ्याशी बोलली, मग पुस्तकाकडे वळली.

तर गोष्ट अशी. एका बेटावर कोळ्याची मुलगी असते. तिचं मन दोघांवर. एक भरतीच्या वेळी माणूस असतो आणि ओहोटी लागली की दगड होतो, शाप आहे त्याला. दुसरा होडीवाला. माणसं इकडून तिकडे नेतो, वेळेवर येतो, जास्त बोलत नाही. मी ऐकल्या ऐकल्या म्हटलं, अर्धा दिवस दगड असलेल्या नवऱ्याचा उपयोग काय? होडीवाल्याशी लग्न कर आणि मोकळी हो.

"आजी, पण तो बोलतो किती छान," ती म्हणाली.

"अर्धा दिवस."

माझं हे म्हणणं तिनं मागच्या पानावर लिहून ठेवलं आणि तिथून जुंपली. शनिवारी येणाऱ्या पोरींत दोन पक्ष पडले, दगडवाल्या आणि होडीवाल्या. मला न वाचताच होडीवाल्यांची पुढारी केलं. कॉलेजातली एक आगाऊ पोर मला विचारते, "अक्का, तुमचे यजमान तरी पूर्ण दिवस माणूस असायचे का?" मी म्हटलं, "स्वल्प." थोडा वेळ असायचा, खोटं कशाला बोलू? ती मुलगी स्टुलावर इतकी हसली की तिला ठसका लागला.

सुरुवातीला ती दाबून लिहायची. खोडलं तरी कागदावर वळ राहायचे आणि पुढची पोर ते वाचायची. मी तिच्यावर ओरडले, पुस्तक तुझ्या बापाचं नाही, हलक्या हातानं लिही. "सरी आजी," म्हणाली. कन्नडमध्ये सरी म्हणजे बरं, हा शब्द ती दुकानातच शिकली होती. त्यानंतर तिचं लिहिलेलं रबर लागताच जायचं.

दुसऱ्या भागात वादळ येतं आणि दगडाचा एक हात तुटून समुद्रात पडतो. भरतीला तो माणूस होतो तेव्हा त्याला हात नसतो. ते वाचताना ती दुकानात रडली. चांगली हुंदके देऊन. मी म्हटलं, पुस्तक भिजेल, बाजूला धर. तिनं पुस्तक बाजूला धरलं आणि रडत राहिली. मी नंबर टाकायचं काम करत राहिले. आई घ्यायला आली तोपर्यंत तिनं तोंड धुतलं होतं.

तिसरा भाग तिनं घरी नेला आणि परत आणला तो बुधवारी. इस्पितळात भरती करायला निघाले होते. आई बॅग घेऊन रस्त्याकडेला रिक्षात बसून होती. मुलीला स्टुलावर चढता आलं नाही, ती उंबऱ्याच्या पायरीवर बसली. दोरा सोडून मी पेन्सिल तिच्या हातात दिली. ती खूप वेळ लिहीत होती. मी म्हटलंसुद्धा, आई खोळंबलीय. मग तिनं पुस्तक माझ्याकडे दिलं.

"आजी, हे तुमच्यासाठी आहे. खोडायच्या आधी कुणाकडून तरी वाचून घ्या."

मी म्हटलं, शनिवारी तूच सांग की. ती म्हणाली, बघू. आणि गेली.

ती गेली आणि तिसऱ्या भागासाठी जिचा पुढचा नंबर होता ती पोर आली. आनेकलहून बसनं येते, एका कारखान्यात कामाला आहे, तिला बुधवारचीच सुट्टी. मागच्या खेपेला न खोडलेलं पुस्तक तिच्या हातात गेलं होतं, शेवट फुटला म्हणून ती माझ्याशी तावातावानं भांडली होती. आता ती समोर हात पुढे करून उभी. तिलाच वाचायला सांगितलं असतं तर शेवट पुन्हा फुटला असता. सोमवार लांब होता. पुस्तक ठेवून घेतलं असतं तर ती पुढच्या बुधवारपर्यंत परत येणार नव्हती. मी रबर घेतलं. दोन पानं, पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बोटांनी कागद झाडला आणि पुस्तक दिलं.

पुस्तक ठेवून घेता आलं असतं. आनेकलची पोर एक आठवडा थांबली असती. मला वाटलं, शनिवारी मुलगी येईल आणि तोंडानं सांगेल. तिच्या तोंडून ऐकायला मला जास्त आवडायचं. ती त्या शनिवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

हे सगळं मी तिच्या आईला सांगितलं. तिनं मध्ये एकदाच विचारलं, "मराठीत लिहिलं होतं की इंग्रजीत?"

मी सांगू शकले नाही. मी बघितलंच नव्हतं. मुलगी फोनवरून पुण्याच्या आजीकडे मराठी लिहायला शिकत होती, हे मला तेव्हा तिच्या आईकडून कळलं. मराठीत असतं तर मला वाचता आलं असतं. कुणाला बोलवायची गरज नव्हती.

आईनं पान दाराच्या उजेडाकडे नेलं, तिरकं धरलं, बोट फिरवून बघितलं. मी म्हटलं, काही दिसणार नाही, मीच तिला हलकं लिहायला लावलं होतं. हे तिला सांगायला नको होतं असं माझी सून नंतर म्हणाली. पण न सांगते तर ती अंधार पडेपर्यंत ते पान तिरकं धरून उभी राहिली असती.

मग ती म्हणाली, इथे काय काय बोलायची ते तरी सांगा. मी आठवलं तेवढं सांगितलं. दगडाचं, होडीवाल्याचं, पोरींच्या भांडणाचं. दुसऱ्या भागाला रडली तेही सांगितलं.

"रडली?"

"हो."

"घरी एकदाही रडली नाही. सुया टोचल्या तेव्हा नाही, केस गेले तेव्हा नाही. आम्ही रडायचो आणि ती आम्हाला रुमाल द्यायची." मग तिनं विचारलं, "आणि त्या दगडासाठी रडली?"

"हो."

"आणि तुम्ही तिला पुस्तक बाजूला धर म्हणालात."

"म्हणाले."

"तुम्ही माणूस आहात का हो, आजी?"

मी पाणी दिलं. ती स्टुलावर बसली, तिच्या मुलीच्या जागेवर, पण ते तिला माहीत नव्हतं आणि मीही सांगितलं नाही.

जाताना तिनं एकच गोष्ट मागितली. मुलीला शेवटी कोण आवडला होता, दगड की होडीवाला? पहिल्या भागाला दगड, दुसऱ्याला दगड, तिसऱ्याचं मला माहीत नाही, मी म्हटलं. तिला एक शब्द पुरला असता. दोघांतलं कुठलंही नाव मी घेतलं असतं तरी तिनं खरं मानलं असतं आणि घरी नेलं असतं. माझ्या तोंडून खोटं निघालं नाही. लोक माझ्याबद्दल म्हणतात, बाई फटकळ आहे पण खरं बोलते. त्या दिवशी त्याचा मला काही अभिमान वाटला नाही.

त्यानंतर महिनाभर मी रबर हातात धरलं नाही. मागची पानं भरली, मुली समासात लिहायला लागल्या, कुणीतरी घाणेरडंही लिहिलं, गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. मग पुन्हा सुरू केलं. आता खोडायच्या आधी सून मला वाचून दाखवते. बहुतेक वेळा काही नसतं. मस्त. खूप रडले. दगड मूर्ख आहे. लेखिकेला कुणीतरी समजवा. मी सगळं ऐकते आणि मग खोडते.

चौथा भाग आला. त्याच्या यादीत पहिला नंबर त्या मुलीचा होता. मी पुस्तक आत कपाटात ठेवलं आणि सुनेला तिच्या आईला फोन लावायला सांगितलं. बाहेर पोरी नुसत्या आरडाओरडा करत होत्या, अक्का, कुणासाठी दाबून ठेवलंय? मी म्हटलं, जिचा नंबर आहे तिच्यासाठी. कॉलेजातल्या त्या आगाऊ पोरीला माहीत होतं. तिनं बाकीच्यांना गप्प केलं.

आईनं आधीचे तिन्ही भाग तोवर विकत घेऊन वाचले होते. चौथा तिनं चार दिवसांत परत आणला आणि स्टुलावर बसून मला सगळा सांगितला. मुलीला सांगायचं कसब होतं, आईला नाही. ती मागचं पुढे करते, पुढचं राहून जातं, मग पुन्हा मागे जाते. मी नंबर टाकायचं काम बाजूला ठेवलं. शेवटी होडीवाला दुसऱ्या बेटावर जाऊन राहतो. दगडाला ओहोटी लागते ती परत भरती येतच नाही. कोळ्याची मुलगी एकटी जाळी विणते आणि पुस्तक संपतं. पुढच्या शनिवारपासून पोरींनी यावर इतका गोंधळ घातला की एकीनं पुस्तक माझ्या काउंटरवर आपटलं. एवढी वर्षं वाचलं ते यासाठी?

आईनं मात्र मला फक्त विचारलं, "तिला हा शेवट पटला असता?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"मलाही नाही कळत," ती म्हणाली. "तुम्ही तिला माझ्यापेक्षा जास्त ऐकलंत, म्हणून विचारलं."

ती अजून येते, शनिवारी. इस्पितळाचं काम आता नाही. मुलगी सोळा वर्षांची होती, ती गेली. तिची आई पंचेचाळीस वर्षांची आहे, मी चौऱ्याहत्तर. आम्ही दोघी जिवंत आहोत.